डावा हात

बुधवारी जुन्या बाजारात
पितळी नळांच्या ढिगाखाली ही पानं सापडली.
विकणारा म्हणाला, इंग्रजी हिशेब दिसतोय कसला तरी,
तीस रुपये द्या, वर हा नळ फुकट.
नळ गळतो. पानं आहेत अजून.

हिशेब नव्हता. पाच रेघा आणि ठिपके.
मला येतात वाचता. वडील बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे,
लग्नसराई सरली की रिकामे,
मग खडूनं फरशीवर मला हेच शिकवत बसायचे.
आई पुसून टाकायची, ते पुन्हा काढायचे.

वरच्या पानावर वेलबुट्टी, तिच्या मधोमध छापलेलं:
बंड गार्डनची संध्याकाळ, पियानोसाठी वाल्ट्झ,
रचनाकार ई. एस. झिराडकर, रास्ता पेठ, पुणे.
ओपस अकरा. किंमत बारा आणे.
आणि खाली शाईनं, जरा तिरकं:
मिस डॉली खंबाटा यांच्या अनामिकेस,
जी कधीच वेळेवर येत नाही.

एक ते दहा कुठे गेले?
नाना पेठेतलं माझं पेटीदुरुस्तीचं दुकान
दुपारी दोन तास बंद असतं. तेवढ्यात हिंडायचो.
शेवटी रास्ता पेठेत एका जिन्यावर
लसूण सोलत बसलेल्या रिबेकाबाई भेटल्या.
एलायजामामा? मिलिटरी अकाउंट्सला होता.
पियानो? छे, पियानो कुठला.
जेवणाच्या टेबलावर सुरीनं पट्ट्या कोरल्या होत्या त्यानं,
त्यावर बोटं आपटायचा.
मामी म्हणायची, अहो, आमटी सांडते.
आणि ते पहिले दहा?
बाई हसल्या, लसणाची सालं उडाली.
नव्हतेच. पहिलाच अकरावा.
म्हणायचा, पुण्यात पहिलं म्हणून काही दाखवलं
की लोक आधी चुका काढतात.

मी रात्री दुकानात एकटा पेटीवर बसलो.
उजव्या हाताचं जमलं. गोड आहे, जरा जास्तच,
सायीवर साखर पेरल्यासारखं.
पण डावा हात भात्यावर.
तळाचा एक, वरचे दोन, तळाचा एक, वरचे दोन,
चाल ज्याच्यावर उभी आहे तेच सगळं
कागदावर गप्प.
आठ दिवस मी अर्धा माणूस वाजवत होतो.

मग विमलला म्हटलं, तू भाता मार.
तिनं पदर खोचला, मागे बसली,
दळण दळल्यासारखी एका लयीत.
पहिल्यांदाच माझे दोन्ही हात मोकळे झाले
आणि काय करावं ते त्यांना कळेना.
तरी खालचे सूर पेटीत नव्हतेच.
साडेतीन सप्तकं संपतात, बोट लाकडावर पडतं.
ठक्.
त्याच्या टेबलावरही असंच वाजलं असेल.

आणखी एक भानगड. पियानोचा सूर
उमटताक्षणी विरायला लागतो.
पेटीचा, भाता आहे तोवर जात नाही.
त्यानं विरण्याच्या बेतानं लिहिलेलं
मी धरून ठेवत होतो, सूर एकमेकांत चिकटत होते.
विमल म्हणाली, सोड की, बोट उचल.
उचललं.
तेव्हा कुठे नदीवरून वारा आल्यासारखं झालं,
किंवा दाराची फट असेल.

बंड गार्डनला बँडस्टँडपाशी ती कधी आली होती का,
बारा आणे कोणी दिले का,
रिबेकाबाईंना माहीत नाही. मलाही नको.

सतराव्या घरात माझीच अनामिका मागे राहिली.
तिला वाकायला त्रास आहे,
रीडची पट्टी लागली होती मागे.
पुन्हा वाजवलं. पुन्हा उशीर.
चष्मा लावून पान दिव्याजवळ नेलं
तर त्याच घरावर, पेन्सिलीनं, मराठीत,
इतकं बारीक की छपाईची धूळ वाटावी:
थांबतो.

शेवटच्या ओळीखाली खूण आहे, मुळापासून पुन्हा.
विमल मनगट चोळत म्हणाली,
एकदाच हं. दूध तापवायचंय अजून.